बेवारस केसरचा लिलाव

“गाय गेली ती गेली, वर माजं दावं पन घेऊन गेली.”

हे सगुणाबाई मला म्हणाली नाही. ती आपल्या रहाटाशी बसून तपेलं घासत होती आणि तपेल्याला म्हणाली. पण आमच्या दोघींच्या वाड्यांमधलं कुंपण झावळ्यांचं, आणि मी त्याच्या अलीकडे हातभर अंतरावर अळूची पानं कापत होते. तपेल्याच्या कानावर पडलं ते माझ्याही पडलं.

“काथ्याचं. कोरं,” तपेल्याला आणखी माहिती मिळाली. “मागायला जावं तर म्हंतील, सगुणा हलकी. न्हाय मागावं तर दावं कैदेत.”

दावं कैदेत होतं हे खरंच. आमच्या गाईच्या गळ्यात, गावच्या कोंडवाड्यात. आणि आम्हाला ते सोडवून आणता येत नव्हतं, कारण ती गाय आमची नव्हती. म्हणजे होती आमचीच, पण सरकारदरबारी नव्हती. हा घोटाळा जरा नीट सांगायला हवा.

गाय घ्यायची कल्पना माझी. गवळ्याच्या दुधाला विहिरीचा वास यायला लागला तेव्हा मी म्हटलं, आपलीच का नको? आमचे हे इथल्या टपाल कचेरीचे पोस्टमास्तर. मास्तरही तेच आणि कारकूनही तेच. स्वभाव असा, की मनीऑर्डरीवर सही करण्याआधी आपलं नाव तेच आहे ना याची खात्री करून घेतील. ते म्हणाले, “सरकारी नोकराला गाय ठेवता येते का, ते पाहायला हवं.” त्यांनी नियमांचं पुस्तक काढून पाहिलं. त्यात गाईबद्दल अवाक्षर नव्हतं, म्हणून ते जास्तच घाबरले.

मग शेजाऱ्यांचे सल्ले सुरू झाले. एक म्हणे काळी घ्या, एक म्हणे काळी घेऊच नका. एकाने तर मला गाईपेक्षा म्हैस कशी बरी ते संध्याकाळभर समजावलं. शेवटी तळ्याच्या गुरांच्या बाजारातून केसर आली. बुटकी, तांबूस, पहिल्या खेपेची गाभण. दूध मिळायला अवकाश होता, पण आमच्या घरात तोवर दुसरंच काही सुरू झालं. तिच्या शिंगांना घाबरून हे लांबूनच तिच्याकडे भाकरीचा काठ टाकायचे. हळूहळू लांबून जवळ आले. मग ती ह्यांच्या मागून कचेरीत जायला लागली आणि तिकिटांच्या खिडकीतून तोंड आत घालून उभी राहायला लागली. लोक म्हणायचे, “आज दोन मास्तर हाजर.” ह्यांना राग यायचा नाही. आम्हाला मूलबाळ नाही. ह्यांना राग आला नाही म्हणून मलाही आला नाही, एवढंच सांगते आणि पुढे जाते.

आषाढात गावात वनमहोत्सव झाला. खुद्द कलेक्टरसाहेब आले. चावडीसमोर त्यांनी हापूसचं कलम लावलं, पाटी लागली, पाटीला हार घातला. कलमाच्या रक्षणासाठी एक समिती नेमली आणि तिच्या चिटणीसपदी ह्यांचं नाव पुकारलं. ह्यांनी नाही म्हणायचा विचार केला होता, पण तो विचार पुरा होण्याआधीच टाळ्या पडल्या.

त्याच आठवड्यात केसर सुटली. सगुणाबाईकडून उसन्या आणलेल्या दाव्याची गाठ ह्यांनीच मारलेली. तिला रुतू नये म्हणून सैल. ती थेट चावडीसमोर गेली, कलेक्टरसाहेबांचं कलम जमिनीपर्यंत खाल्लं आणि तोंड गोड करावं तसा पाटीवरचा हार. नेमके तेव्हाच मामलेदार रस्ता पाहायला आलेले. सारं गाव गोळा झालं, चिटणीस म्हणून हेही धावले.

“कोणाची गाय ही?” मामलेदारांनी विचारलं.

केसरच्या तोंडातून आंब्याचं शेवटचं पान लोंबत होतं. ती शांतपणे ह्यांच्यापाशी आली आणि कोटाची बाही चाटायला लागली.

“बेवारस दिसते, साहेब,” हे म्हणाले.

आणि सगळ्या गावाने आभाळाकडे पाहिलं.

ही आमच्या गावची रीत आहे, परक्याला ती कळायची नाही. उत्सवात गावदेवीपुढच्या नारळांचा लिलाव होतो. ज्याच्या घरी नवस असेल त्याने बोली बोलायची आणि बाकीच्यांनी देवळाच्या वाशांकडे बघत राहायचं. त्याच्यावर बोली चढवायची नाही. ‘वर बघणं’ म्हणतात त्याला. कोणी शिकवत नाही, पण गावातलं तान्हं पोरसुद्धा वेळ आली की वर बघतं.

तर गावाने वर बघितलं आणि केसर कोंडवाड्यात गेली.

घरी आल्यावर मी विचारलं, “असं कसं हो म्हणालात?”

“निघून गेलं तोंडातून,” हे म्हणाले आणि पाणी प्यायले. पुन्हा पाणी प्यायले.

आमच्या गावात दयारामपंत म्हणून आहेत, कोर्टातले निवृत्त बेलिफ. जन्मभर त्यांनी लोकांची भांडीकुंडी लिलावात काढली, त्यामुळे आवाज खणखणीत आणि जेवणाची आमंत्रणं कमी. त्यांनी कायदा समजावला. जनावर कोंडवाड्यात गेलं की मालकाने दंड आणि चाऱ्याचा खर्च भरायचा नि ते घेऊन जायचं. कोणी आलंच नाही तर लिलाव. लिलावातसुद्धा ‘तीन वार’ म्हणेपर्यंत मालकाला पुढे येता येतं.

“पण मालक म्हणून यावं लागतं,” दयारामपंत म्हणाले. “आणि मालक म्हणून आलं की...”

पुढचं त्यांनी सांगितलं नाही, कारण समोर हे बसले होते. सरकारी झाड, ते सांभाळायला नेमलेला सरकारी नोकर, त्याचीच गाय, आणि वर भर चावडीपुढे मामलेदारांशी खोटं. ह्यांना नोकरी जाताना दिसायला लागली. जेवताना ती ताटाच्या पलीकडून जायची, दाढी करताना आरशातून. रस्त्यात कोणी “मास्तर” म्हणून हाक मारली की हे दचकून थांबत, जणू ती हाक मारायची मुदत संपत आली आहे.

कचेरीची वाट कोंडवाड्यावरून जाते. हे समुद्राच्या अंगाने, सुरूच्या बनातून वळसा घालून जायला लागले. तरी शेवटचा तुकडा कोंडवाड्याच्या भिंतीलगतच होता. तिथे हे छत्री खाली ओढून, श्वास धरून निघायचे. पण केसरला छत्रीशी कर्तव्य नव्हतं. ती चपलांचा आवाज ओळखायची. भिंतीआडून हंबरायची, आणि हे पळत सुटायचे. पन्नाशीला आलेला पोस्टमास्तर गाईच्या हंबरण्याने पळतोय, हे गावाने रोज पाहिलं. म्हणजे पाहिलं नाही, वर पाहिलं.

एकदा कोंडवाड्याचा राखणदार रघू कचेरीच्या खिडकीशी आला. मी डबा घेऊन गेले होते, म्हणून समोरच होते.

“मास्तर, ती खात न्हाय,” रघू म्हणाला.

“कोण?” ह्यांचा आवाज फाटला.

“तीच. जी कुनाची न्हाय, ती.”

ह्यांनी तिकिटांचा गठ्ठा उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. “तसल्या गाईंना... भाकरीचा काठ आवडतो म्हणतात. मी आपलं ऐकलंय.”

“व्हय, मीपन तसंच ऐकलंय,” रघू गंभीरपणे म्हणाला आणि माझ्या हातातल्या डब्याकडे बघत उभा राहिला. तेव्हापासून हे अर्धपोटी जेवायला लागले आणि बेवारस गाय बाळसं धरू लागली.

मग चावडीवर जाहीरनामा लागला. मी शाळेत कधी गेले नाही. अक्षरं शिकले ती वाण्याच्या पुड्यांवरून, म्हणून दिसेल तो कागद वाचायची खोड आहे. मी मोठ्याने वाचलं, “एक तांबडी गाय, बेवारस, गाभण, गळ्यातील काथ्याच्या दाव्यासह.”

“दाव्यासह म्हंजे?” सगुणाबाईने विचारलं.

“दावंही विकणार.”

“माजं दावं सरकार विकनार?” सगुणाबाईने कमरेवर हात ठेवले. मग तिच्या लक्षात आलं की दावं आपलं म्हटलं तर गायही आपलीच ठरेल. तिने हात खाली घेतले आणि वर बघितलं.

आता खरी भीती होती ती बाळाजीची. हा सगळ्या किनाऱ्यावरच्या कोंडवाड्यांतली जनावरं लिलावात घेतो आणि घाटापलीकडे हाकून नेतो. पुढे त्यांचं काय होतं हे त्याला कोणी विचारत नाही. एकाने विचारलं होतं, तर बाळाजी शेंगा सोलत राहिला.

“त्याचीही तोड आहे,” दयारामपंत आमच्या ओटीवर बसून म्हणाले. “गाय लिलावातच घ्यायची. मास्तर बोली बोलू शकत नाहीत, तुम्ही बोललात तर ते बोलल्यासारखंच. सगुणाबाई बोलेल. बाकी गावाने देवळात बघतात तसं वर बघायचं. बाळाजी पावसात खाडी ओलांडत नाही. गाय स्वस्तात सुटेल आणि मास्तरांना तोंड उघडावं लागणार नाही.”

ही तोड इतकी सुंदर होती की मला दयारामपंतांना जेवायला बोलवावंसं वाटलं. मी घरोघर फिरले. नरमाईने, पदर सावरून, विषयाला लांबून हात घालत. पण कोणी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. सुपारीच्या मोठ्या वाडीचे मालक कोंडाजी, गावातला सगळ्यात धिप्पाड माणूस, तर दारातच म्हणाले, “वैनी, कुनाच्या गाईबद्दल बोलताय ते मला ठाऊक न्हाय. पन मी वर बघीन.”

मला भरून आलं. त्या आठवड्यात ह्यांनी प्रथमच पोटभर झोप काढली.

लिलावाच्या आदल्या दिवशी दयारामपंत आले ते घामाने निथळत. पाऊस असून घाम. म्हणाले, “वहिनी, जाहीरनाम्याचा खालचा भाग तुम्ही वाचलात?”

खालच्या भागावर कोणी साबणाची जाहिरात चिकटवली होती. साबणाचं मी सगळं वाचलं होतं.

“मी नखाने ती सोलून पाहिली,” पंत म्हणाले. “खाली कलम आहे. बोली बोलणारांनी आपसांत संगनमत करून बोली दाबल्यास लिलाव रद्द, आणि संबंधितांवर कारवाई.”

“संबंधित म्हणजे?”

पंतांनी ओटीवर नजर फिरवली. हे, मी, कुंपणावरून डोकावणारी सगुणाबाई. “म्हणजे आपण.”

“आणि कारवाई म्हणजे?” ह्यांनी विचारलं.

“विलायतेत याला स्वतंत्र कायदाच आहे. तिथे असं करणारे व्यापारी तुरुंगात जातात. इथे काय होतं ते...” पंतांचा खणखणीत आवाज एकदम बारीक झाला. “ते मला नक्की माहीत नाही.”

बेलिफाला माहीत नाही म्हटल्यावर संपलंच. माहीत असलेल्या शिक्षेला निदान शेवट असतो.

“पण देवळात आपण हेच करतो की,” मी म्हटलं.

“देवी तक्रार करत नाही, वहिनी.”

दिवेलागणीपर्यंत बातमी गावभर झाली आणि एकेक जण मागच्या दाराने आमच्याकडे यायला लागला. कोंडाजी माजघरात पाटावर बसून, चहाची बशी हातात धरून म्हणाले, “मी ह्या घरात आलोच न्हाय. ध्यानात ठेवा.” बाकीचेही आले नव्हते. न आलेल्या माणसांनी घर इतकं भरलं की मला कप पुरेनात.

बोलणं कुजबुजत चाललं होतं. काहीच ठरलं नव्हतं हे सिद्ध कसं करायचं? एक म्हणाला, लिलावाला जाऊच नये. दुसरा म्हणाला, सगळेच गेले नाहीत तर तेही ठरवून केल्यासारखं दिसेल. शेवटी दयारामपंतांनी मधे पडून सगळ्यांची मतं घेतली आणि आपलं काहीही ठरलेलं नाही, असं सर्वानुमते ठरलं.

“तरी मी एक बोली मारनार,” कोंडाजी उठताना म्हणाले. “पुरावा म्हनून.”

“मग मीही एक मारीन,” दुसरा म्हणाला. तिसराही तेच म्हणाला. अंगावर एकेक बोली असलेली बरी, असं सगळ्यांना पटलं.

“पण कितीची, ते एकमेकांना सांगू नका,” पंतांनी बजावलं. “ते संगनमत होईल.”

सगुणाबाई कोपऱ्यातून म्हणाली, “आनि गाय?”

जो तो चपला शोधायला लागला. चहा संपला होता.

लिलावाच्या सकाळी मी ह्यांना म्हटलं, “तुम्ही येऊ नका.” हे म्हणाले, “छे, मी कशाला येतोय,” आणि कोट चढवला.

चावडी गच्च भरली होती. तालुक्याहून आलेला अव्वल कारकून तरुण होता, बहुधा पहिलाच लिलाव. चष्म्यावर वाफ धरत होती आणि तो सारखा पुसत होता. त्याने शर्ती वाचल्या, संगनमताची तर बोट ठेवून वाचली, मग मान वर करून विचारलं, “काही ठरवून आला आहात का?”

“नाही!” सगळं गाव एका सुरात ओरडलं. देवळातली आरतीसुद्धा आम्हाला इतकी एका तालात कधी जमली नाही. कारकुनाने चष्मा काढून आमच्याकडे बघितलं, घातला आणि पुन्हा बघितलं.

रघूने केसरला आणलं. पोट चांगलंच दिसायला लागलं होतं. गळ्यात सगुणाबाईचं दावं.

“धा रुपये,” सगुणाबाई म्हणाली.

जो तो ताठ उभा. सवयच ती, सगळ्यांच्या माना आपोआप वर गेल्या.

“एवढ्या गर्दीत एकच बोली?” कारकून सावकाश म्हणाला आणि त्याने टाक दौतीत बुडवला. “वर काय आहे?”

“वासे,” पाचसहा जण म्हणाले.

चावडीचं छप्पर गळतं. एक थेंब कोंडाजींच्या डोळ्यात पडला आणि तो धिप्पाड माणूस किंचाळला, “अकरा!”

बांध फुटला. “बारा!” “साडेबारा!” “पंधरा!” जो तो आपापला पुरावा देऊ लागला. पुरावा देऊन झालेल्यांना तो कमी पडलासा वाटून ते पुन्हा देऊ लागले. दयारामपंतांनीही खणखणीत आवाजात दोनदा बोली चढवली; एकदा पुराव्यासाठी आणि एकदा जुन्या सवयीने. सगुणाबाई प्रत्येकावर रुपया चढवत होती आणि दातांत म्हणत होती, “मेल्यांनो, वर बघा की! वर बघा!” माझ्या पदराच्या गाठीत जे होतं ते केव्हाच मागे पडलं. मी तिला हाताने थांबवायला गेले, तर तो हात माझीही बोली समजून कारकुनाने लिहून घेतला. आता तो खूश दिसत होता. एवढी चढाओढ असलेल्या गावात संगनमत कुठलं!

आणि दाराशी कोणीतरी शेंग फोडली.

बाळाजी खाडी ओलांडून आला होता. दारातच उभा राहून त्याने आमचा सगळा पराक्रम पाहिला होता. ज्या गाईसाठी अख्खं गाव एकमेकांच्या उरावर बसतंय, त्या गाईत काहीतरी असणार, हे कोणत्याही धंदेवाल्याला कळतं. त्याने टरफलं बाहेर टाकली, हात झटकले आणि आमच्या शेवटच्या बोलीच्या दुप्पट आकडा सांगितला.

कारकुनाने आकडा लिहून घेतला.

“आणखी कोणी?” कारकून म्हणाला. सगुणाबाईने माझ्याकडे पाहिलं. मी कोंडाजींकडे. कोंडाजी पायांकडे. “एक वार.”

हे मागे खांबाआड उभे होते. चावडीच्या आत, छत्री उघडून. ओळखू येऊ नये म्हणून. पण छपराखाली छत्री धरलेला माणूस गावात एकच असल्यामुळे सगळ्यांनी ओळखलं होतं. केसरनेही. तिने मान उंच केली आणि अशी हंबरली की कारकुनाच्या हातून टाक पडला. रघूला ओढत, गर्दी बाजूला सारत ती खांबापाशी गेली, नाकाने छत्री वर केली आणि ह्यांच्या काखेत तोंड खुपसलं.

“ही गाय ह्यांना ओळखते का?” कारकुनाने विचारलं.

“आमच्या गावच्या गाई सगळ्यांशीच अशा...” कोंडाजी म्हणाले.

“कोटाला भाकरीचा वास येत असेल,” दयारामपंत म्हणाले.

“पोस्टमास्तर, तुम्हीच सांगा. तुमची काही ओळख?”

ह्यांनी छत्री पुन्हा खाली ओढली. दुसऱ्या हाताने मात्र, त्यांच्या नकळत, तिच्या कानामागे खाजवणं सुरू केलं होतं. मला तो हात बघवेना. मला त्यांची नोकरी हवी होती आणि मला ती गायही हवी होती, आणि दोन्ही एकदम मागायचं धैर्य मला नव्हतं. बाळाजी कमरेचा दोर सोडवत पुढे निघाला होता.

“दोन वार,” कारकून म्हणाला.

मी वर बघितलं. देवाशपथ, मीसुद्धा. सगळं गाव वर बघत होतं आणि वाशांवरून पाणी ठिबकत होतं.

छत्री मिटल्याचा आवाज आला.

“साहेब, तिसरं म्हणू नका,” हे म्हणाले. आवाज इतका कापत होता की पहिल्यांदा मला तो ह्यांचा वाटलाच नाही. “हिचं नाव केसर. कलेक्टरसाहेबांचं कलम हिनेच खाल्लं. मी त्या दिवशी खोटं बोललो. ही गाय माझी आहे.”